असिमीनाचं अंगण

ग्रीसमधल्या जुन्या मेसिनी शहराचे अवशेष बघायला आलेल्या माणसाला असिमीना गाइड म्हणून मिळाली, तर त्याचं नशीब चांगलं आणि पायांचे हाल. बाकीचे गाइड स्टेडियम दाखवतात, नाट्यगृह दाखवतात, सावली दिसली की थांबतात. ही बाई भर उन्हात लोकांना गटारं दाखवते. "देव आणि राजे सगळीकडे सारखेच," ती म्हणते. "माणसं कशी राहत होती ते बघायचंय ना? मग त्यांचं सांडपाणी कुठून जात होतं ते बघा." आणि लोक बघतात! गळ्यात कॅमेरे अडकवलेले मोठमोठे डॉक्टर गटाराशी उकिडवे बसून माना डोलावताना मी स्वतः पाहिलेत.

मी लांबिस. बस चालवतो. कलामाताहून पाहुणे आणायचे, आमच्या मावरोमाती गावातून खाली अवशेषांपाशी सोडायचे आणि तिनं दमवून परत दिले की घेऊन जायचे. असिमीना आणि मी एकाच गावचे, एकाच शाळेतले. ती पुढे अथेन्सला शिकली, परीक्षा देऊन परवान्याची गाइड झाली आणि तिकडे न राहता गावात परत आली. मला दगडांचं काडीचं वेड नाही. बस मागे घेताना जो आडवा येतो तो दगड, एवढीच माझी ओळख.

पण आमच्या गावात दगडापासून सुटका नाही. अख्खं गाव जुन्या शहराच्या उरावर बसलंय. लिंबाचं रोप लावायला खड्डा खणा, कुणाची तरी भिंत लागते. खणताना घडीव दगड दिसला की आमच्याकडचा माणूस आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, आणि मग विचारतो, "काँक्रीटची गाडी कुठवर आली?" कारण पुरातत्त्व खात्याला कळवलं की काम थांबतं, आणि रीतसर उत्खनन म्हणजे काही रताळी उपटणं नव्हे, त्याला वर्षं लागतात. त्यामुळे गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांखाली काय आहे ते घरमालकाला ठाऊक आणि उंदरांना ठाऊक.

असिमीना यावरून कुणाला सोडत नसे. माझ्या मेव्हण्यानं गोठ्याखाली एक खांब गाडून टाकला, तर ती त्याच्या पोराच्या बाप्तिस्म्याला आली नाही. रस्त्यात भेटला की म्हणायची, "काय रे, शेळ्या बऱ्या आहेत ना? खांब सुखात आहे ना?" मेव्हणा तिला पाहून गल्ली बदलू लागला.

मग घर बांधायची पाळी तिच्यावरच आली, आणि सगळं गाव खुर्च्या पुढे ओढून बसलं.

तिची एकुलती एक लेक फानी. लग्न ठरलेलं. आमच्याकडे मुलीला घर द्यायची रीत आहे, निदान आईबापाच्या घराला लागून दोन खोल्या तरी. होणारा जावई सोतिरिस विजेची कामं करतो. त्याला मामानं जर्मनीत, स्टुटगार्टला बोलावलं होतं. पोरांचं म्हणणं सरळ होतं. हिवाळ्याआधी खोल्या उभ्या राहिल्या तर इथे राहू, नाहीतर जर्मनी. जर्मनीला गेलेलं मूल ऑगस्टमध्ये दिसतं आणि उरलेलं वर्ष फोनवर "जेवलात का" विचारतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. एकदा बसमध्ये असिमीना मला म्हणाली, "लांबिस, मला रोज भांडायला लेक हवी. फोनवर भांडायला मजा येत नाही."

तिनं सगळं नियमानं केलं. खात्याची बाई येऊन उभी राहिली, तिच्यादेखत अंगण खणलं, काही निघालं नाही, परवानगी मिळाली. असिमीनानं त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. काही निघू नये म्हणून मेणबत्ती लावणारी गाइड उभ्या ग्रीसमध्ये तेवढी एकच असेल. मी तसं म्हटलंही. म्हणाली, "गप रे. गाडी चालव."

पाया भरायचा दिवस उजाडला. सकाळी पाद्रीबाबांनी सब्ज्याच्या डहाळीनं पाणी शिंपडलं. पाया भरताना रीतीप्रमाणे कापायचा कोंबडा पाय बांधून तयार ठेवला होता. असिमीनाला मात्र सुट्टी नव्हती. डेन्मार्कचे निवृत्त शिक्षक आले होते, आधीच ठरलेले. "पानागोस," ती नवऱ्याला बजावून निघाली, "आखलंय तेवढंच खणायचं. वीतभरही इकडेतिकडे नाही."

पानागोस भला माणूस आहे. ऐकतो सगळ्यांचं, करतो आपल्या मनाचं. सेप्टिक टँकचा खड्डा अंगणातल्या लिंबाच्या मुळांवर येत होता, म्हणून त्यानं तो झाडापासून जरासा पलीकडे घेतला.

दौऱ्यात असिमीना फोन माझ्याकडे ठेवायला देते. ती शहराच्या जुन्या वेशीत उभी राहून तिची लाडकी गोष्ट सांगत होती. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या परागंदा झाली होती, सिसिलीत, इटलीत, पार लिबियात. मग त्यांना निरोप गेला: या, तुमच्यासाठी शहर बांधतोय. आणि ज्यांच्या पणज्यांनी ही माती सोडली होती ती माणसं परत आली. इथे तिचा आवाज दर वेळी चढतो. मी दर वेळी सिगारेट पेटवतो. फोन वाजला.

"लांबिस, तिला दे," पानागोस.

"ती वेशीत आहे. सिसिलीहून लोक येतायत."

"येऊ देत! इथे दगड निघालाय."

मी सिगारेट विझवली आणि फोन तिला नेऊन दिला. पानागोसचा आवाज असा होता की मलाच काय, डेन्मार्कलाही ऐकू गेला असता. मागून काँक्रीटची गाडी घरघरत होती आणि तिचा चालक ओरडत होता, "काँक्रीट आहे हे, माझ्या आईची खीर नाही, गोठत ठेवायला!"

"असिमीना, सांग लवकर. ओतू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ओत म्हण, अगं. लेक राहील." आजही हेच म्हणेन.

"ओता," ती म्हणाली. फोन माझ्या हातात कोंबला आणि पाहुण्यांकडे वळली. "कुठे होतो आपण?"

एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "लोक घरी परत येत होते."

असिमीनानं माझ्या हातातून फोन असा हिसकावला की माझं बोट मुरगळलं.

"पानागोस! थांब! ओतलंस?"

"ओततोच आहे..."

"हात लावशील तर याद राख! दगड कसा आहे? लांब? वरून सपाट?"

"दगडासारखा आहे!"

"फानीला दे."

फानी अवशेषांतच वाढली, आईच्या मागे मागे हिंडत. तिला जास्त विचारावं लागलं नाही. "आई, लांबट आहे. एका टोकाला गोल भोक आहे, दाराचा खुंटा बसतो ना, तसं. आणि मधे झिजलाय. खोलगट." मग तीच म्हणाली, "उंबरठा आहे ना?"

"हो गं."

"आई, मला राहायचंय इथे."

"माहितेय मला."

"मग?"

असिमीना वेशीच्या भिंतीला टेकली. दुसऱ्या कुणी टेकलेलं तिला खपत नाही. "गाडी परत पाठव, राणी," ती म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला.

मग तिनं स्वतःच्या हातानं खात्याला फोन लावला, नाव-पत्ता सांगितला, आणि पाहुण्यांना म्हणाली, "चला. आज तुम्हाला कुणीच न पाहिलेलं काहीतरी दाखवते." मला म्हणाली, "बस माझ्या घराकडे घे." आमची गल्ली म्हणजे बोळ. मी कशी बस घातली ते माझं मला माहीत; एक आरसा अजून वाकडा आहे.

अंगणात पानागोस डोकं धरून बसला होता. गवंडी त्याला सोडून सगळ्यांशी बोलत होते. फानी पायरीवर बसली होती, मांडीत कोंबडा. त्याचे पाय तिनं सोडले होते. आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

असिमीना गुडघ्यांवर बसली आणि हातानं माती बाजूला करू लागली. तिथे ना खांब होता, ना पुतळा. मातीत एक लांबट दगड, बस्स. पण ती बोलायला लागली आणि मी, दगडाला आडवा येणारा म्हणून ओळखणारा, पुढे सरकलो. दार कुठल्या बाजूला उघडत होतं, वारा कुठून येत असेल, माणूस आत येताना कुठला पाय आधी टाकत होता. ते शिक्षक शाळेतल्या पोरांसारखे खड्ड्याच्या कडेला पालथे पडले. मधेच तिला काही नीट दिसेना. "कोरडा आहे," ती पुटपुटली, "झीज उठून दिसत नाही."

फानी उठली. आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि दगडावर हळूहळू ओतलं. मधली खोलगट जागा चमकायला लागली. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. मला तिथे थांबवेना, मी बस तपासायला गेलो.

संध्याकाळी खात्याची माणसं आली, तांबडी-पांढरी पट्टी बांधून गेली. रात्रीपर्यंत गावभर झालं. असिमीना फजीत होईल म्हणून टपून बसलेला माझा मेव्हणा म्हणाला, "वेडी आहे." पण त्या दिवसापासून तिला पाहून गल्ली बदलायचं त्यानं सोडलं, उभा राहून टोपीला हात लावायचा.

लग्न झालं, जोरात झालं, आम्ही नाचलो. नोव्हेंबरात पोरांना विमानतळावर मीच सोडलं. असिमीना पुढच्या सीटवर होती. परत येताना ती मागे जाऊन पोरांच्या रिकाम्या सीटवर बसली. मी दगडाबद्दल एकदोन प्रश्न मुद्दाम विचारून पाहिले, तरी पुढे आली नाही.

वसंतात अंगणात उत्खनन झालं. एका संध्याकाळी मी गेलो तर ती खड्ड्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पानागोसनं मला कॉफी आणून दिली.

"मग काय निघालं शेवटी?" मी विचारलं. "राजवाडा?"

"घर. साधं. आणि आपला उंबरठा त्या घराचा नाहीच," ती म्हणाली. "ते बघ, भिंतीचा सांधा दिसतो? इथून पुढे दगड वेगळे आहेत. घर आधीचं. ही खोली मागाहून जोडलीय. उंबरठा हिचा."

"कुणासाठी? लेकीसाठी?"

"ते दगड सांगत नाहीत."

मी कॉफी संपवली. पानागोस लिंबाला पाणी घालत होता. आत फोन वाजत होता, या वेळेला फानीचाच असतो, आणि असिमीना उठत होती. उठता उठता खुर्चीच्या पाठीला धरून थांबली.

"पण झिजलाय किती ते बघ, लांबिस," ती म्हणाली. "म्हणजे ती राहिली होती."

आणि फोन घ्यायला आत पळाली.