समितीसाठी वळवलेलं पाणी

ओल्या सिमेंटचा वास आला की मला उस्मानाबाद जिल्ह्यातलं आमचं सरकारी तंत्रनिकेतन आठवतं. दुष्काळाचं साल होतं, आणि पदविकेच्या जोडीला स्थापत्याच्या पदवीला मंजुरी द्यायची की नाही, हे ठरवायला मुंबईहून समिती येणार होती. माझा वर्गमित्र शेजारच्या बौद्ध वस्तीतला. बाहेरगावी शिकणं त्याला शक्य नव्हतं; पदवी इथं निघाली तरच तो इंजिनिअर होणार होता. प्रयोगशाळेत वाहतं पाणी दाखवायचं म्हणून प्राचार्यांनी वस्तीचा टँकर वळवून आमच्या हौदात रिकामा केला. समिती आत आली, मित्रानं झडप उघडली आणि काचेच्या पन्हाळीतून पाणी झुळझुळलं. तेवढ्यात टँकरच्या मागोमाग आलेल्या बाया घागरी घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, सगळ्यांपुढं त्याची आई. "सायेब, लेकरं तहानलेत. तुमचं बघून झालं की तेवढं पाणी आमाला द्या." अध्यक्ष हसले. "अहो प्राचार्य, इथं प्यायला पाणी नाही अन् तुम्ही इंजिनिअर घडवणार?" मंजुरी तिथंच नाकारली गेली. मोटार निघून गेल्यावर प्राचार्य सगळ्यांदेखत मित्राला म्हणाले, "जा, आईच्या पाया पड. तुझी पदवी तिनंच बुडवली." मग हौदाचं पाणी त्यांनी त्याच्याच हातानं गटारात सोडायला लावलं, बायांच्या डोळ्यांसमोर. मित्राचं शिक्षण तिथंच थांबलं. त्याची आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माज्या घागरीपायी पोराची पदवी गेली." तिला हे कुणी शिकवलं, ते मी विसरलेलो नाही.