गंगाळसागराचा घेर

समोरच्याचं वाक्य संपायच्या आत जो माणूस "पण" म्हणतो, त्याला लोकांनी पणमामा म्हटलं तर नवल काय. धंदा ओताऱ्याचा. वाळूत साचा दाबायचा, धातूचा रस ओतायचा, पुल्या नि झाकणं काढायची. शुक्रवारी संध्याकाळी हात घासघासून धुवायचे, तरी नखातलं काळं घेऊनच प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बायबलच्या वर्गाला जाऊन बसायचं.

वर्गात मामाचा जीव होता. बाकी ठिकाणी त्यानं तोंड उघडलं की लोक चपला शोधत. इथं पाळक म्हणत, "विचारा. देव काही बहिरा नाही." मग मामा ओंजळीनं प्रश्न आणायचा. जलप्रलयाचं पाणी ओसरून गेलं कुठं? सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन संध्याकाळी झाल्या कशा?

घड्याळजीला हे खपत नव्हतं. मंडळीतला तो वडील माणूस, त्याला गोडी भविष्यवाणीची. संदेष्ट्यांच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून त्यानं जगाचा शेवटचा दिवस दोनदा काढला होता. दोन्ही दिवशी दुकान मात्र उघडं होतं, कारण गिऱ्हाइकांना घड्याळं द्यायची होती.

एका शुक्रवारी मंदिरातल्या गंगाळसागराचं वाचन निघालं. ओतीव धातूचं ते अवाढव्य भांडं. काठापासून काठापर्यंत दहा हात, घेर तीस हात.

"पण दहाला तीस पुरत नाही," मामा म्हणाला. "दहा इंची पुलीला पट्टा साडेएकतीसच्या आसपास लागतो. तीसचा बसवायला गेलं तर लहान भावाचा सदरा घातल्यागत होईल."

"शास्त्राला पट्टा लावतोस?" घड्याळजी भडकला. "पाळकसाहेब, हे प्रश्न म्हणजे धान्यातले किडे. एक दिवस पोतं पोकळ होईल. हा वर्ग बंद करा."

दोघातिघांनी माना डोलावल्या. पाळक अडचणीत आले. "पुढच्या शुक्रवारी ठरवू," म्हणाले. "मामा, तोवर काही उत्तर सापडतं का बघा."

घरी मामाला जेवण जाईना. बायकोनं पुस्तक ओढून पुढच्या ओळी वाचल्या. "अहो, इथं भांड्याची जाडी दिलीय. चार बोटं. रुंदी बाहेरून घेतली असेल नि घेर आतून, तर?"

मामा ताटावरून उठलाच.

दुसऱ्या दिवशी त्यानं ॲल्युमिनियमची भंगार भांडी वितळवून हाताला एक इंच या हिशोबानं भांडं ओतलं. चार बोटांची जाडी बायबलच्या मागं छापलेल्या मापांच्या तक्त्यातून काढली. भांडं निवल्यावर रुंदी मोजली. बरोब्बर दहा. मग आतून दोरी फिरवली, फळीवर पडलेल्या पट्टीला लावली. तीस. ना केसभर कमी, ना जास्त.

बायकोला हाक मारून त्यानं दोरी दाखवली. मग सहज गंमत म्हणून बाहेरून दोरी फिरवली. एकतीस भरली. मामाचं हसू मावळलं. आयुष्यात दहा इंची पुली एकतीसात बसली नव्हती.

त्यानं पट्टी उलटून पाहिली. टोकाला लाल रंग. ही साचा करायची पट्टी. निवताना धातू आटतो, म्हणून साचा थोडा मोठा करतात, नि त्यासाठी या पट्टीवरचा इंचच वाढीव असतो. रुंदी त्यानं साध्या पट्टीनं घेतली होती नि दोरी वाढीव इंचानं मोजली होती.

साध्या पट्टीनं आतला घेर तिसाच्या वर पाव इंचाहून जास्त निघाला.

"कुणाला कळणारे?" बायको म्हणाली. "वर्ग तर वाचेल."

"मग माझ्यात नि घड्याळजीत फरक काय राहिला?" मामा म्हणाला. "त्यालाही हवा तोच आकडा येतो."

शुक्रवारी त्यानं भांडं, दोरी नि दोन्ही पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि आधी चूक सांगितली, मग बाकीचं. "बायकोच्या वाटेनं गेलं तर जवळ येतं. पण तीस येत नाही. का येत नाही, मला ठाऊक नाही."

पाळकांनी घड्याळजीकडं पाहिलं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून भांड्याचा काठ न्याहाळत होता.

"चार बोटं कुणाची धरलीस?" त्यानं विचारलं.

"तक्त्यातली."

"तुझी धर की. ओतणाऱ्याचा हात जाड असणार."

"माझी धरली तर तिसाच्या अगदी जवळ जाईल, तुझी धरली तर लांब. म्हणून तर कुणाचीच धरली नाही."

घड्याळजीनं आपली सडपातळ बोटं काठावर ठेवून पाहिली. मग मामाचा काळा पंजा ओढून शेजारी ठेवला. बराच फरक होता.

"मग," पाळक म्हणाले, "वर्गाचं काय करायचं?"

"थांबा हो," घड्याळजी मान वर न करता म्हणाला. "आधी त्या काळच्या माणसाचा हात केवढा होता, ते बघू द्या. ते काय एका शुक्रवारात होतंय?"