कानात काही वाजतंय का?

झीनत नदाफ दवाखान्याच्या पायऱ्या उतरून माझ्या दुकानाकडे येताना दिसली, की काउंटरपाशी उभी असलेली गिऱ्हाईकं आपापली चिठ्ठी नीट धरतात. ज्यांच्याकडे चिठ्ठी नसते ती हळूच सटकतात. माझं मेडिकल दवाखान्याच्या अगदी समोर आहे आणि झीनत तिथली मोठी सिस्टर. 'मागच्या बारीला दिलेली ती लाल-पिवळी कॅप्सूल दोनच द्या की' म्हणणाऱ्याला मी नाही म्हटलं तर तो माझ्याशी भांडतो. झीनतनं नाही म्हटलं तर गप घरी जातो. मला याचा राग येतो, पण दुकानदारीत उपयोगही होतो, खोटं कशाला बोलू.

अँटिबायोटिक म्हणजे खोकल्याची गोळी नव्हे, हे तिचं रोजचं कीर्तन. पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी विचारणार, पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, घसा आवळल्यासारखा झाला होता का. दिल्यावर लगेच निघून जाणार नाही, खाटेपाशी थांबून राहणार. डॉक्सीची गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्या, घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका, नाहीतर छातीत जळजळेल, आणि उन्हात फिरू नका. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला उन्हात फिरू नका म्हणायला धाडस लागतं, पण ती म्हणते. जुलाबावरच्या मेट्रोच्या गोळ्या चालू असताना दारू घेतली तर आतडी तोंडाशी येतील, हे ती बायकोच्या देखत सांगते. सिप्रो घेताना टाचेच्या वरची शीर दुखली तर अंगावर काढू नका, गोळी थांबवा आणि आधी येऊन दाखवा. हे सगळं मला पाठ झालंय, कारण ती माझ्याच काउंटरवर हात आपटत सांगते.

एका औषधाच्या वेळी मात्र ती हात आपटत नाही. अमिकासिन. दुसरं काही लागू पडत नाही असं लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत दिसलं, की डॉक्टर ते शिरेतून देतात. औषध गुणी आहे, पण मूत्रपिंडाला आणि कानाला त्याच्यापासून जपावं लागतं. म्हणून लघवी किती झाली ते मोजायचं, रक्त पुन्हा तपासायचं आणि रोग्याला रोज विचारायचं, 'कानात काही वाजतंय का? तोल जातोय का?' सगळ्याच सिस्टर विचारतात. झीनत स्टूल ओढून बसते. 'रोज वाजतं तसंच वाजतंय, का आज निराळं?' मग घरच्यांना विचारते, 'हाक मारली तर लगेच बघतात का?' मग रोग्याला उठवून वॉर्डात चालवते. नव्या पोरी एकमेकींकडे बघतात. त्यांना वाटतं, बाईंना वेड लागलंय.

वेड लागलेलं नाही. तिला ईरप्पा आठवतो.

आमच्या या भागात यंत्रमागाचे कारखाने आहेत. टॉवेल आणि चादरी. झीनतचे वडील जन्मभर मागावर राबले. मागावरच्या माणसाच्या कानात शिट्टी वाजणं ही आमच्याकडे तक्रारच नाही, हाताला घट्टे पडावेत तसं ते. झीनतच्या घरात सगळे ओरडून बोलतात, भांडण चाललंय असं वाटावं, आणि आत जाऊन बघावं तर कोणीतरी मीठ मागत असतं. रात्री अब्बांच्या कानात शिट्टी वाजायची म्हणून अम्मी उशाशी रेडिओ बारीक लावून ठेवायची. असल्या घरातली ही पोर.

कोरोना ओसरल्यानंतरची गोष्ट. ईरप्पा हा टॉवेलच्या मागावरचा कामगार तापानं फणफणून दवाखान्यात आला. लघवीतला जंतू रक्तात उतरला होता. अमिकासिन सुरू झालं आणि माणूस हळूहळू माणसात आला. पेज पिऊ लागला, बायकोवर, गौरम्मावर, खेकसू लागला. झीनत रोज लघवी मोजत होती. रक्ताचे रिपोर्ट चांगले येत होते. एका सकाळी तिनं सलाईन लावता लावता नेमाप्रमाणे विचारलं, कानात काही वाजतंय का?

"वाजतंय की," ईरप्पा म्हणाला. "लई वाजतंय अक्का, कालपासनं."

झीनत हसली. "अण्णा, ते मागाचं. माझ्या अब्बांचे कान पण असेच वाजतात. घरी गेलात की सवय होईल."

आणि तिनं ते डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. त्या वेळी गौरम्मा खाली चहा आणायला गेली होती. औषध ठरल्याप्रमाणे पुरं झालं आणि ईरप्पा बरा होऊन घरी गेला.

काही महिन्यांनी तो माझ्या दुकानात बीपीच्या गोळ्या घेत उभा होता. झीनत मागून आली आणि तिनं 'ईरप्पाअण्णा' म्हणून हाक मारली. तो वळला नाही. तिनं पुन्हा मारली. मी हातानं खूण केली तेव्हा तो वळला आणि तिला बघून त्याचं तोंड फुललं. "अक्का, तुमी मला वाचीवलं," तो दुकान हादरेल अशा आवाजात म्हणाला. "कान गेले मागापायी, जाऊ द्या. जीव हाय की." गौरम्मा शेजारीच होती. ती मला म्हणाली, "दवाखान्यातच कमी ऐकू येत आसंल की ह्यास्नी. पन तोंड उघडत न्हाईत. येळेवर बोलले आसते तर डाक्टरनी कायतरी केलं आसतं. मुका बसला म्हणून बहिरा झाला ह्यो माणूस." ईरप्पाला ते ऐकू गेलं नाही, पण बायकोचं तोंड बघून त्यानं मान खाली घातली. हे वाक्य ती गल्लीत सगळ्यांना सांगत असणार हे उघड होतं.

झीनत औषध न घेताच परत गेली.

दुपारी दुकान रिकामं असताना ती आली आणि मला सगळं सांगितलं. ती डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, मागानं किती नेलं आणि औषधानं किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्या दिवशी थांबवून दुसरं काही शोधलं असतं तरी किती वाचलं असतं कोण जाणे. जीव वाचला, हे धरून चाला. मलाही ते पटलं. मी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "सयाजीभाऊ, तो मला सांगत होता आणि मी त्याला माझ्या बापाची गोष्ट सांगत बसले." मी तिला पाणी दिलं.

ईरप्पा दर दिवाळीला दवाखान्यात येऊन तिला टॉवेल देऊ लागला. चांगला, जाड, मऊ टॉवेल, स्वतःच्या मागावरचा. तिच्या घरी एकानंही त्या टॉवेलनं अंग पुसलेलं नाही. घड्या कपाटात तशाच आहेत. नवऱ्यानं एकदा काढला तर तिनं त्याच्या हातातून घेतला. तिला ते टॉवेल नाकारता येत नव्हते आणि घेववतही नव्हते, आणि दसरा गेला की तिची चिडचिड वाढायची. या वर्षी दसरा झाल्यावर ती मला म्हणाली, "दिवाळीच्या आधी मला त्याच्या घरी जायचंय. तुम्ही चला. एकटीनं गेले तर मी चहा पिऊन परत येईन."

मी कुरकुरलो, पण गेलो. जुनं उकरून कोणाचं भलं होतं, असं माझं मत होतं आणि ते मी रस्ताभर बोलून दाखवलं.

नेमकी लाईट गेली होती. मागांच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू जाणार नाही असं तिनं धरलं असावं. पण सगळे माग बंद, आणि सगळी गल्ली उंबऱ्यांवर वारा घेत बसलेली. ईरप्पानं आम्हाला दारातच खुर्च्या दिल्या. गौरम्मा आत चहा टाकायला गेली.

झीनत बोलली. अगदी हळू, आपण सगळे चूक सांगताना बोलतो तसं, खाली बघून. दवाखान्यातली ती सकाळ, तो प्रश्न, त्याचं उत्तर, तिचं हसणं. सगळं सांगितलं. ईरप्पा मान डोलवत होता, आणि ती थांबल्यावर म्हणाला, "व्हय व्हय. चा घ्या की आता."

त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

मी तिच्याकडे वाकून म्हटलं, "झालं, सांगितलंस. आता चल." मला मनापासून तसंच वाटत होतं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग ती उठली, त्याच्या समोर उभी राहिली आणि घरात मीठ मागतात त्या आवाजात बोलली.

"अण्णा, दवाखान्यात तुम्ही मला सांगितलं होतं, कानात वाजतंय म्हणून. ते इंजेक्शननं असू शकत होतं. मी मागाचं म्हणून हसले. डॉक्टरांना सांगितलं नाही."

सगळ्या उंबऱ्यांवरच्या माना आमच्याकडे वळल्या. समोरच्या उंबऱ्यावरची बाई लसूण सोलायची थांबली. मला लाज वाटली, तिचीही आणि माझीही. गौरम्मा चहाची ताटली घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ईरप्पा झीनतच्या तोंडाकडे बघत होता. तो चिडेल, हात उगारेल, नाहीतर 'जाऊ द्या अक्का' म्हणेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यानं 'जाऊ द्या' म्हणावं आणि आम्ही सुटावं, एवढंच मला हवं होतं.

"मी सांगितलो होतो?" त्यानं विचारलं.

"होय."

"तुमाला?"

"मलाच."

तो गौरम्माकडे वळला. "ऐकलीस? मी सांगितलो होतो." गौरम्मानं ताटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. त्यानं तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही. तो गल्लीकडे बघत होता, सगळ्या उंबऱ्यांकडे, जिथं इतकी वर्षं त्याच्या मुकेपणावर लोक हसले होते. मग झीनतला म्हणाला, "अजून एकदा म्हणा. मोठ्यानं."

ती म्हणाली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "तुम्ही सांगितलं होतं, अण्णा. मीच ऐकलं नाही."

त्यानं मान हलवली. चहा घ्या असं मात्र कोणी पुन्हा म्हटलं नाही, आणि यंदाच्या दिवाळीला टॉवेल आला नाही.