तांदळातलं नाव

“सुनंदाबाई, इथे सही करा,” म्हणून मी फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी पेन घट्ट धरलं, एकेक अक्षर जोडत सही केली आणि फॉर्म परत दिला. सही होती ‘गोदावरी’.

मी त्यांच्या नवऱ्याकडे, सुखदेवभाऊंकडे पाहिलं. नवरा बाईंकडे पाहत राहिला.

संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत तेव्हा पेन्शनचं टेबल माझ्याकडे होतं. सुखदेवभाऊ सातपुड्याच्या पायथ्याला वनरक्षक होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांचं पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, येऊन पडलं होतं. आता खातं उघडायचं, त्याचा नंबर ट्रेझरीला कळवायचा, की दर महिन्याला पैसे आपोआप जमा. एरवी हे काम चहा निवायच्या आत होतं.

सुखदेवभाऊंना जॉइंट खातंच हवं होतं. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन अकोल्याला ठरलं होतं. पेन्शनवाला गेला की बायकोला फॅमिली पेन्शन मिळते. हुकुमात तिचं नाव असेल आणि दोघांचं खातं एकच असेल, तर ती त्याच खात्यात सुरू होते. नाहीतर आधी ती बाई हीच, हे सिद्ध करत फिरायचं.

“पोरं चांगले आहेत मॅडम,” सुखदेवभाऊ म्हणाले, “पण हिनं औषधासाठी त्यायच्यापुढं हात पसरावा, हे मले नाही जमत. दवाखान्यात जायच्या आधी एवढं करून द्या.”

आणि इथे हुकुमात बायको सुनंदा, आधारवर गोदावरी.

“हे कसं झालं?” मी विचारलं.

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. सुखदेवभाऊंनी ‘सुनंदा’ लिहिलं आणि नोकरी लागल्यावर तेच ऑफिसात दिलं. गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा भाऊ जंगलात ड्युटीवर. बाई एकट्या गेल्या. नाव विचारलं, त्यांनी आपलं सांगितलं. पुढचे सगळे कागद त्या आधारवर झाले.

“अन् तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही?” माझा आवाज चढला. मी तशी तापटच आहे.

“आधार पेटीत राह्यते मॅडम. न् घरी मी हिले ‘अवो’ म्हणतो. नाव घ्यायचं कामच नाही पडत.”

मी कपाळावर हात मारला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

“त्यांच्या एकट्याचं खातं उघडा,” साहेब म्हणाले. “पेन्शन तर सुरू होईल. बायकोचं नंतर बघू.”

“सर, नंतर म्हणजे ते गेल्यावर. तेव्हा सांगणार कोण, की दोन्ही नावं एकाच बाईची?”

“मग आधार बदलून आणायला सांगा. हुकुमाला हात लावला की पत्रव्यवहार वाढतो.”

ते खोटं नव्हतं. मी बाहेर येऊन दोघांना तसं सांगितलं. सुखदेवभाऊ लगेच उठले. “चाल अवो, सेतूत जाऊ. आधारवर सुनंदा करून घेऊ.”

बाई जागच्या हलल्या नाहीत.

“मी काऊन बदलू?” त्या म्हणाल्या. “माझ्या बापानं ठेवलेलं नाव आहे. तुमी तांदळात लिहिलं व्हतं. ते तांदूळ त्याच दिवशी शिजले.”

आमचा कॅशिअर नोटा मोजायचा थांबला. सुखदेवभाऊंचा चेहरा उतरला.

“मंग तवाच सांगायचं ना बे!” ते म्हणाले. बायकोला दोस्तासारखं ‘बे’ म्हटलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि माझ्याकडे बघून ते ओशाळले.

“कोनं इचारलं व्हतं? आज मॅडमनं सही करा म्हटलं, मी माझी सही केली.”

मला त्या बाईचा राग यायला हवा होता, कारण काम माझंच वाढत होतं. पण खरं सांगते, मला फार बरं वाटलं. माझंही नाव लग्नात बदललं. नोकरी आधीची म्हणून कागदावर माझं जुनं नाव टिकलं, एवढंच.

“बसा भाऊ,” मी म्हटलं. “चूक तुमच्या ऑफिसातल्या नोंदीत आहे, तर नोंदच बदलू. नोंद तुम्ही केली, दुरुस्तीही तुम्हीच मागा. तुम्ही स्वतः लिहून दिलं की कोणी शंका घेणार नाही.”

पेन्शनच्या कागदांवर नवरा-बायकोचा एकत्र फोटो असतो, ऑफिसच्या शिक्क्यासह. तो फोटो या बाईंचाच होता. दोन्ही नावं एकाच बाईची, असं दोघांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. सुखदेवभाऊंनी आपल्या ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज दिला. जॉइंट खातं आम्ही आधारप्रमाणे, गोदावरी नावानेच उघडलं. साहेब कुरकुरले, पण फोटो पाहून त्यांनी सही केली.

पहिली पेन्शन ऑपरेशनच्या आधी जमा झाली. हुकुमाची दुरुस्ती यायला मात्र बराच वेळ लागला. मी ट्रेझरीला इतके फोन केले, की तिथले बाबू माझा आवाज ओळखायला लागले. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर दोघं जोडीने पासबुक भरायला यायचे.

काही वर्षांनी बाई एकट्या आल्या. हातात मृत्यूचा दाखला होता. मी फॉर्म भरला, त्यांनी सही केली. अक्षरं आता जोडावी लागत नव्हती. हुकुमात गोदावरी, आधारवर गोदावरी, खात्यावर गोदावरी. फॅमिली पेन्शन विनातक्रार सुरू झाली. मला एकही फोन करावा लागला नाही.

“शेवटी त्रास झाला का हो भाऊंना?” मी विचारलं.

“हाव, झाला,” त्या म्हणाल्या. “पण दवाखान्यात हाक मारे ना, तं ‘गोदावरी’ म्हणे. ‘अवो’ म्हणनं सोडूनच देल्लं व्हतं. मी म्हटलं, आता काऊन? तं म्हणे, लिहून देल्लं ना मी बँकेत.”

त्यांनी पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरले, म्हणून मी उगाच ड्रॉवर उघडून शिक्का शोधत बसले.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक पद्धत आहे. पेन्शनचं जोडपं आलं, की नवऱ्याला गप्प बसवते आणि आधी बाईंना विचारते, “तुमचं नाव काय?”