फळ्यावरचं वाक्य

"शिकलेलं कधी वाया जात नाही," असं गिरीज गावचा हरिश्चंद्र सदा म्हणायचा. केळींना पाणी सोडताना म्हणायचा, बाजारात टोपली उतरवताना म्हणायचा. एकोणऐंशी साली गावची पोरं आखातात जाऊ लागली आणि इंग्रजीला भाव आला. बर्नार्ड मास्तरांनी चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला, तेव्हा चाळिशी उलटलेला हरिश्चंद्र पहिल्या बाकावर जाऊन बसला.

एका रविवारी मास्तरांनी फळ्यावर 'लूक आफ्टर' लिहिलं. "नुसतं 'लूक' म्हणजे बघणं. 'लूक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. आता वाक्यात घाला."

पास्कल दूधवाल्याने लिहिलं की तो रोज रात्री चंद्राला सांभाळतो.

"चंद्राचं बरं चाललंय रे," मास्तर म्हणाले. "तू आपल्या म्हशी सांभाळ."

वर्ग हसला. हरिश्चंद्राने पाटी पुढे केली: 'आय लूक आफ्टर माय मदर.'

"बिनचूक," म्हणत मास्तरांनी त्याच्या हातात खडू दिला. त्याने ते वाक्य फळ्यावर लिहिलं, भाताच्या रोपांसारखं एकसारख्या ओळीत. मागे वळला, तर हसू विझलेलं. त्याची आई जिजाबाई शेजारच्या होळी गावात धाकट्या बळीरामकडे राहते हे कुणाला ठाऊक नव्हतं? विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत वाजलं होतं, आई धाकट्याच्या बाजूने एक शब्द बोलली होती, आणि हरिश्चंद्र तिला म्हणाला होता, "मग तिकडेच राहा." ती गाठोडं उचलून गेली. त्यानंतर दोनदा भात कापून झाला, तरी त्याने होळीची वाट धरली नव्हती.

"उदाहरण आहे नुसतं," तो पुटपुटला.

"छान आहे की, हरीभाऊ," पास्कल म्हणाला. "आईच्या कानावर घालतो. रोज दूध घालायला जातोच मी तिथे."

मास्तर गावात नवे. त्यांनी ते वाक्य नमुना म्हणून फळ्यावर तसंच ठेवलं. हरिश्चंद्राला ते स्वतः पुसता येईना आणि कुणाला पुस म्हणता येईना. आठवडाभर वाडीत फावडं मारताना ते त्याच्या मानेवर बसून राहिलं.

पुढच्या रविवारी हॉलच्या दारात जिजाबाई उभी राहिली. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. वाटेत भेटेल त्याला तिने सांगितलं होतं की लेकाने माझ्यावर इंग्रजीत लिहिलंय.

"कुठलं रे ते, हरी?"

त्याने बोट दाखवलं.

"मला कुठे वाचता येतं? सांग ना काय आहे."

पास्कलने मान खाली घातली. हरिश्चंद्राने बोट खाली घेतलं. "मी..." तो म्हणाला, "मी आईला सांभाळतो."

म्हातारीने फळ्याजवळ येऊन पाहिलं. खडूच्या अक्षरांजवळ बोट नेलं, पण पुसली जातील म्हणून लावलं नाही.

"अक्षर चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. "लहानपणापासून. येते मी, बळीची बायको भात लावून बसली असेल."

ती पायऱ्या उतरली आणि पान्हेरीच्या, वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या, कडेने होळीच्या वाटेला लागली. हरिश्चंद्र उठला. पाटी बाकावरच राहिली. तोही त्याच वाटेने निघाला, पण तिला गाठायचं धाडस त्याच्या पायांत नव्हतं. ती थांबली की तो थांबायचा, ती चालली की चालायचा. मास्तर आणि पास्कल पायरीवर उभे राहून पाहत होते. केळींच्या पानांआड आधी ती अबोली दिसेनाशी झाली, मग त्याची टोपी.