कोमाकेचच्या पायाखालचं अंडं

लामवाका माझ्या मेलेल्या भावाची मुलगी. बारा वर्षांची पोर शेंगा उपटायला गेली नि बंडखोरांनी शेतातूनच उचलून नेली. सोळाव्या वर्षी परत आली ती पाठीला मूल बांधून. मुलाचं नाव कोमाकेच, म्हणजे करंटा. बाप कोण ते मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार?

परत आलेल्यासाठी आम्ही अचोली लोक अंगणाच्या तोंडाशी अंडं ठेवतो. ते पायानं फोडून आत आलं की बाहेरचं सगळं बाहेर राहतं. अंडं ठेवलं माझ्या थोरल्या भावानं, ओजारादादानं, घरातला वडील तोच. लामवाकानं ते फोडलं, बायका आनंदानं ओरडल्या. मग तिनं मूल खाली उतरवलं.

"काका, ह्याचाही पाय लावू द्या."

"ह्याचा कशाला? घरातून गेलेल्यानं परत यायचं असतं. हा इथून गेला होता कधी?"

पुरुष हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंड्यांचा काय दुष्काळ पडलाय का रे दादा?"

"तू गप गं. रीत काय तुला विचारून ठरवायची?"

झालं! आई घरातली झाली, मूल बाहेरचंच राहिलं. पोरं एका थाळीत जेवायची. हा जवळ आला की थाळी सरकायची. शेळी मेली, ती ह्याच्यामुळे. म्हणे जंगलातली भुतं आणलीत ह्यानं. भुतं कसली डोंबलाची! लामवाका मला एवढंच म्हणायची, "आत्या, ह्याला आत घ्यायला सांग ना. मला दुसरं काही नको."

एका दुपारी दादा शेजाऱ्यांबरोबर आंब्याखाली पीत बसला होता. लामवाकानं स्वतःच अंडं आणून ठेवलं नि पोराला पुढ्यात उभं केलं.

"ठेव पाय."

पोर नुसतं बघत राहिलं. मग ती ओरडली. तो आवाज तिचा नव्हताच. तिकडं तिच्यावर असंच ओरडत असणार मेले. पोर धाडकन पालथं पडलं, गवतात तोंड खुपसलं नि स्वतःच्याच हातानं ते दाबून धरलं. एवढंसं लेकरू, पण रडलं नाही हो! गोळ्या सुटल्या की असं पडायचं हे तिनंच त्याला शिकवलेलं.

"बघा," दादा म्हणाला, "अंड्यालाही हा नकोय."

लामवाकानं अंडं उचलून माझ्या हातात दिलं. मूल पाठीला बांधलं.

"कुठं निघालीस गं?"

"शहरात."

"तिथं कोण आहे तुझं?"

"कुणी नाही. म्हणून तर."

मी तिच्या कमरेचं कापड धरलं. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. ती रस्त्याला लागली तशी मी आंब्याखाली गेले आणि ते अंडं दादापुढं ठेवलं.

"आता तरी गेला ना तो इथून? आता परत आला तर ठेवशील?"

दादानं हातातला पेला खाली ठेवला. "ठेवावं लागेल," तो म्हणाला.

ह्याला आता कितीतरी पावसाळे उलटून गेले. कोंबडी अंड्यांवर बसली की एक मी त्या पोरासाठी बाजूला काढून ठेवते, मग ते नासतं, टाकून देते. यायचं असतं तर ती आली असती.