कल्लाप्पाचा राजा

कल्लाप्पाशी मी एकदा खोटं बोललो. एकदाच बोललो, पण ते त्याला आयुष्यभर पुरलं.

तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होतो. निपाणीहून त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकाचा फोन होता. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून रिसीव्हर हातात दिला. "सर पहाटे गेले," पलीकडून आवाज आला. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. माजी विद्यार्थी बोलले, मुख्याध्यापक बोलले, मलाही कॉलेजचा मित्र म्हणून उभं केलं. त्याच्या साधेपणाबद्दल, मराठी शिकवण्याबद्दल चार बरी वाक्यं बोलून मी खाली बसलो. टाळ्या नसतात अशा सभेत, तरी पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी मान डोलावली. शांतावहिनी, म्हणजे त्याची पत्नी, माझ्याकडे बघत होत्या. जे बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होतं. म्हणून आता लिहितो आहे.

कल्लाप्पा निपाणीचा. आई-वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. त्याच्या लहानपणीच घरानं बौद्ध धम्म स्वीकारलेला, आणि घरात पहिलं कॉलेज शिकणारा तो. मी बेळगावजवळच्या एका शेतकरी घरातला. गावाचं नाव इथं लिहीत नाही, उचगावच्या वाटेवर आहे एवढं पुरे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बेळगावच्या एकाच कॉलेजात, एकाच बाकावर आलो आणि नाटकाच्या वेडामुळे तिथंच राहिलो. खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी आम्ही सातआठ जण जमायचो. तिथं एक प्रकार चालायचा, त्याला आम्ही 'उलटतपासणी' म्हणायचो. जुन्या नाटकातलं किंवा कथेतलं एक पात्र निवडायचं. एकानं ते पात्र होऊन खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. तू त्या दिवशी घर का सोडलंस? भावाला खरं का सांगितलं नाहीस? बसणाऱ्यानं नाटकाबाहेरचं काही रचायचं नाही, आणि तरी उत्तर द्यायचं. बहुतेक जण तिसऱ्याचौथ्या प्रश्नाला गडबडायचे आणि हसून उठायचे. कल्लाप्पा उठायचा नाही. खालच्या हॉटेलातला चहा आणणारा अण्णा कानडीत विचारायचा, आज खुर्चीत कोण बसलंय? कल्लाप्पा बसला असेल तर किटली खाली ठेवून तोही दाराशी थांबायचा.

एका जुन्या पौराणिक नाटकातला राजा हे आमचं आवडतं पात्र होतं. आमच्या आज्यांच्या पिढीनं ते नाटक गॅसबत्तीच्या उजेडात पाहिलेलं. राजा खोट्या आरोपावरून आपल्या मुलाला राज्याबाहेर घालवतो, आणि शेवटच्या अंकात तो मुलगा परत येऊन त्याच्या पाया पडतो, अशी गोष्ट. हा राजा सगळे नट गर्जना करत करायचे. जितका मोठा आवाज तितका मोठा राजा, असा हिशेब. कल्लाप्पा त्या खुर्चीत बसला तेव्हा मीच त्याला विचारलं होतं, "महाराज, पोरगं निर्दोष आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या अंकात," तो म्हणाला.

एक जण ओरडला, "अरे, पुस्तक वाचलंस का? त्याला पाचव्यात कळतं!"

"पाचव्यात दुसऱ्यांस्नी कळतं. मला तिसऱ्यातच कळलंय. दासी बोलता बोलता थांबली न्हाय का? तवाच." कल्लाप्पा खुर्चीत जरा पुढं सरकला. "पन दरबारात हुकूम दिलेला. आता मागं कसा फिरू? लोक काय म्हनतील? मी दुष्ट न्हाय रं... मी भितोय."

हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की खाली रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. त्याचा आवाज मुळातच खालचा, जरा घोगरा. शब्द संपला तरी थोडा वेळ मागं रेंगाळणारा. घरी जाऊन मी नाटकाचा तिसरा अंक पुन्हा वाचला. दासी खरंच बोलता बोलता थांबते. ते वाक्य मी पूर्वी कितीदा तरी वाचलं होतं.

कॉलेज संपलं. मला बँकेत नोकरी लागली, तो बी.एड. करत होता. त्या वर्षी आमच्या गावच्या यात्रेत ते नाटक करायचं ठरलं आणि दिग्दर्शन माझ्याकडे आलं. राजा कल्लाप्पा करणार, हे मी कुणाला विचारलंही नाही, इतकं ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत तालमी व्हायच्या. त्या मी मुद्दाम जेवणं झाल्यावर ठेवायचो. कल्लाप्पा सकाळी आला असता तर त्याला जेवायला घरी न्यावं लागलं असतं, आणि घरी नेलं असतं तर आईनं त्याचं ताट कुठं वाढलं असतं, हा प्रश्न आला असता. तो प्रश्न यायला नको म्हणून मी वेळ दुपारची ठेवली होती. तो खडेबाजारात जेवून बसनं यायचा. "तुमच्या गावात दुपारीच कला जागी हुती व्हय रं?" असं एकदा हसत म्हणालाही होता. मीही हसलो. त्याला सगळं कळत होतं, असं आज वाटतं.

तालमी रंगात आल्या आणि एका संध्याकाळी यात्रा कमिटीतले दोघे वडीलधारे आमच्या घरी पुढच्या सोप्यात येऊन बसले. पावसापाण्याचं, उसाचं बोलणं झालं, चहा झाला. मग त्यातले गुंडूअण्णा म्हणाले, "परशा, पोरगं गुणाचं हाय, त्यात काय वाद न्हाय. पन देवाच्या म्होरं त्यो राजा म्हनून बसनार, आनि पाटलाचं पोरगं त्येच्या पायावर डोस्कं ठेवनार... हे बरं दिसतंय व्हय? तूच सांग."

मी वडिलांकडे पाहिलं. ते पानाला चुना लावत होते, लावतच राहिले. नाटकात राजाच्या मुलाचं काम पाटलांच्या धाकट्या मुलाला दिलं होतं, तेही मीच दिलेलं. मला म्हणता आलं असतं, की मग नाटकच करत नाही. त्यासाठी लागणारी वाक्यं मी तेव्हा मनात जुळवलीही होती. पण म्हणालो एवढंच, "बघतो अण्णा." गुंडूअण्णा उठता उठता पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शिकल्याला पोरगा तू, काय तरी वाट काढशील." वाट मी काढली.

पुढच्या रविवारी तालमीनंतर कल्लाप्पाला सोडायला बसच्या थांब्यापर्यंत गेलो. आणि तिथं, चिंचेखाली उभा राहून, मी त्याला पात्राचं विश्लेषण करून सांगितलं. उलटतपासणीत वापरायचो तेच सगळे शब्द वापरले. म्हणालो, राजाची समज तुझ्याइतकी कुणालाच नाही, पण समज वेगळी आणि आवाज वेगळा. राजाचा आवाज पोटातून यावा लागतो, तुझा गळ्यातून येतो. माडीवर सातआठ जणांत तो चालतो, मैदानात पडतो. तुझ्यात मंत्री आहे, कथेकरी आहे, राजा नाही. मी बोलत गेलो आणि जसजसा बोलत गेलो तसतसं मलाच ते पटायला लागलं. इतकं सफाईनं मी आयुष्यात कधीच बोललो नव्हतो.

तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. तालमीत चूक दाखवली की असायचं तसं लक्ष होतं. शेवटी म्हणाला, "तू म्हनतोस म्हंजे असंल. मला ऐकू येत न्हाय माझा आवाज." बस आली. पायरीवरून वळून त्यानं विचारलं, "मग प्रॉम्प्टिंग करू?"

आणि त्यानं ते केलं. यात्रेच्या रात्री विंगेत उभा राहून, मी ज्याला राजा केलं होतं त्या गड्याला तो एकेक वाक्य देत राहिला. गडी गरजला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या अंकात दासी थांबलीच नाही, घाईनं पुढचं वाक्य बोलून गेली. मी विंगेकडे पाहिलं. कल्लाप्पानं नुसती मान खाली घातली होती.

त्यानंतर तो कधीच रंगमंचावर गेला नाही. मला वाटायचं, नोकरी, लग्न, संसार यांत राहिलं असेल. कुणाचं राहत नाही? माझंही राहिलंच. मी स्वतःला असंही समजावत आलो, की जातीचं कारण सांगून त्याला दुखवण्यापेक्षा हे बरं झालं. त्याचं मन राखलं, असं मी खरोखर मानत होतो. ऐंशीच्या पुढं, बँकेच्या कामानं सदलग्याला गेलो होतो. तो तेव्हा तिथल्या शाळेत होता, म्हणून भेटायला गेलो. तास चालू होता. शिपायानं मला व्हरांड्यातच बसवलं. आत कल्लाप्पा एका गोष्टीतल्या सावत्र आईविषयी बोलत होता. ती वाईट आहे असं एका मुलीनं म्हटल्यावर तो म्हणाला, "वाईट हाय हे तुला कुणी सांगितलं? गोष्ट सांगणाऱ्यानं. त्याला तिचा राग हाय. तिला विचारलंस का?" वर्ग हसला. मला माडी आठवली, किटली आठवली. मग संवाद वाचायची वेळ आली आणि त्यानं पुस्तक त्या मुलीच्या हातात दिलं. ती अडखळत म्हणाली, "सर, तुम्ही वाचा की."

"माझा आवाज त्यातला न्हाय, बाळ," तो म्हणाला. "तू वाच. बारीक येऊ दे, गळ्यातनं येऊ दे, कसा बी येऊ दे. कोन काय म्हनलं तरी थांबू नगंस."

मी व्हरांड्यात बसून हे ऐकलं. इतक्या वर्षांनी माझंच म्हणणं त्याच्या तोंडून. जातीचं कारण मी सांगितलं असतं तर तो भडकला असता, कदाचित माझं तोंड पाहिलं नसतं. ते योग्यच झालं असतं, आणि स्वतःवर त्यानं शंका घेतली नसती. तसल्या अपमानाशी कसं वागायचं हे त्याच्या घरानं त्याला शिकवलं होतं. मी दिलेल्या शंकेशी कसं वागायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तास संपल्यावर तो हसत बाहेर आला, घरी नेलं, जेवू घातलं. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. मी पोटभर जेवलो आणि त्या जुन्या खोट्याचा विषय न काढता बस पकडून परत आलो.

नंतर त्याची बदली निपाणीला झाली आणि मूत्रपिंडाचा आजार सुरू झाला. बातम्या येत होत्या, मी दर वेळी पुढच्या रविवारी जाऊ म्हणत होतो. अखेर वहिनींचाच निरोप आला, "भावजी, ते तुमची आठवण काढतात." गेलो. दुपारची वेळ होती. खाटेवर तो इतका लहान दिसत होता की क्षणभर मी दारातच थांबलो. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला. पण मला बघून म्हणाला, "ये, दुपारच्या कलाकारा." वहिनी हसल्या, त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. मला मात्र बसवेना. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग मी सुरुवात केली. सोप्यातली ती संध्याकाळ सांगितली, चहा सांगितला, गुंडूअण्णांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. वडील चुना लावत राहिले तेही सांगितलं. वहिनी हातातलं काम थांबवून उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या.

कल्लाप्पानं डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाला, "कमिटीचं मला तवाच कळलं हुतं."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्या गावातलंच एक पोरगं बोललं हुतं, तालमीच्या दारात. राग आलता. पन तू आवाजाचं बोललास, तवा मी म्हनलो, कमिटीचं कमिटीजवळ. परशा त्यापायी खोटं बोलनार न्हाय. नाटकातलं त्यो खोटं बोलत न्हाय. म्हंजे आवाजाचं खरंच असनार..."

त्याला दम लागला. वहिनींनी त्याला पाण्याचे दोन घोट पाजले. मग त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ठपका नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. शाळेत निकाल विचारायला आलेलं पोर बघतं तसा तो बघत होता.

"मग... आवाज बरा हुता व्हय रं?"

मी त्याचा हात धरला. हाताला सलाईनची पट्टी होती, ती माझ्या बोटाखाली आली. वहिनी पाण्याचं भांडं घेऊन खाटेजवळच उभ्या होत्या.

"चांगला हुता, कल्लाप्पा," मी म्हणालो. "राजा तुझाच हुता. मी भ्यालतो आनि दोष तुझ्या गळ्यावर टाकलो. खोटं बोललो मी तुझ्याशी. लई वर्सं हे सांगितलो न्हाय... चुकलो. मला माफ कर."